सुईणीला ‘कधी निघायचं’ हे शिकवताना

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात एका वाडीत पहिल्यांदा दायांना प्रशिक्षण द्यायला गेले तेव्हा मी पंचविशीची, बिनलग्नाची, आणि हातात गर्भाशयाच्या चित्रांचा तक्ता. समोर सात बायका, सगळ्या माझ्या आज्जीच्या वयाच्या. अर्धा तास मी बोलले. मग कडेला बसलेल्या एकीनं विचारलं, “बाय, तुला किती लेकरं हायती?” मी म्हटलं, एकही नाही. “मग आदी तू ऐक की,” ती म्हणाली आणि बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या दिवशी मी खरोखर ऐकलं आणि तेच माझं प्रशिक्षण झालं. पुढं एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली परिचारिका म्हणून आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून कराड-पाटणच्या गावांत नोकरी झाली. आता निवृत्त आहे. नव्या सिस्टर, उपकेंद्रातले सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, कधी एखाद्या संस्थेची मुलं विचारायला येतात, की सुईणींसोबत काम करायचं तर सुरुवात कुठून करायची. दर वेळी तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढलं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. घरी बाळंतपणं व्हावीत म्हणून हे लिहिलेलं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, आणि ते चांगलंच आहे. उरलेली बाळंतपणं मात्र जिथं होतात, तिथं सिस्टरच्या आधी सुईण पोचलेली असते.

सरकारनं दायांना शिकवलं नाही असंही नाही. १९७७पासून देशभर दायांच्या प्रशिक्षणाची योजना होती, गावागणिक एक दाई. ॲल्युमिनियमच्या पेट्याही वाटल्या. त्यातल्या काही मी पुढं घराघरांत पाहिल्या, आत हुलगे आणि मटकी भरलेली. हजारो दाया शिकल्या, पण मातामृत्यू म्हणावे तसे उतरले नाहीत. मग जगभरात वारं फिरलं, प्रशिक्षित परिचारिका-डॉक्टरांकडूनच बाळंतपण व्हावं असं ठरलं. २००५ साली दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आणि गावच्या आरोग्य स्वयंसेविका, म्हणजे आशा, आल्या, आणि दाई कागदावरून पुसली गेली. माझ्या मते चूक शिकवण्यात नव्हती. आपण तिला बाळंतपण ‘करायला’ शिकवलं आणि तिच्या मागचा रस्ता मात्र तसाच खडबडीत ठेवला. पाकिस्तानातल्या लारकाना भागात दायांना शिकवलं, स्वच्छ किट दिलं आणि गावच्या आरोग्यसेविकांशी त्यांची गाठ घालून दिली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जन्माच्या आसपासचे बाळमृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. तिथं नुसतं शिकवून थांबले नाहीत, जोडूनही दिलं.

आधी नकाशा काढा

सगळ्या तालुक्यात प्रशिक्षण घ्यायचं काही कारण नाही. कराड शहराच्या आसपास सुईण आता बाळाला न्हाऊ-माखू घालण्यापुरती उरली आहे. तिथं तिला तेच करू द्या, छान करते ती. आपल्या भागात खरी गरज चार ठिकाणी दिसते.

पहिली कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडची गावं. तापोळा-बामणोलीच्या पलीकडं, कांदाटी खोऱ्यात, पावसाळ्यात लाँच बंद पडली की दवाखाना लांब राहतो आणि मोबाईलला रेंज नसते. दुसरी डोंगरमाथ्यावरचे धनगरवाडे, जिथून बाईला झोळीत घालून खाली आणावं लागतं. तिसरी ऊसतोड कामगारांच्या टोळ्या. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांतून माणसं येतात, फडाजवळ कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात, आणि त्यांत सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका कोयता घेऊन उभ्या असतात. कृष्णाकाठी, म्हणजे कराड, वाळवा, पलूस पट्ट्यात, हे दर हंगामाला दिसतं. चौथी माण, खटाव, आटपाडी, जत भागातून मेंढरं घेऊन बाहेर पडणारी कुटुंबं.

नकाशावर प्रत्येक वस्तीपुढं अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका, वेळेत लिहा. रात्री दोनला, पावसात, सिझेरियनची सोय असलेल्या दवाखान्यापर्यंत किती तास? ज्या वस्तीपुढं दोनापेक्षा मोठा आकडा येईल तिथून सुरुवात. दोनच का, ते पुढं येईलच.

सुईण शोधायची कशी

ग्रामसभेत विचारू नका. सरपंच स्वतःच्या भावकीतलं नाव सांगतात, आणि कारवाई होईल या भीतीनं खरी सुईण हात वर करत नाही. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्या घरी बाळ झालं त्या बायकांकडं जा आणि एवढंच विचारा, “पाचवीला ओटी कुणाची भरली?” सटवाईच्या पूजेला जिला मान मिळतो ती तुमची बाई. टोळीत मुकादमाला विचारून काही कळत नाही. कोपीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारायचं, “रात्री कळा आल्या तर कुणाला उठवता?”

नावं कमी निघतात. एका वस्तीत एक, फार तर दोन. वय साठच्या पुढं, बहुतेकींना लिहिता-वाचता येत नाही. एखादी हात थरथरणारी असते. तिला वगळून तिच्या सुनेला घ्यायचा मोह होतो, तो आवरा. दोघींना एकत्र बोलवा. मान सासूचा, डोळे आणि फोन सुनेचा. हीच सून कधी कधी गावची आशाही असते, आणि मग तुमचं अर्धं काम झालंच.

आशा आणि सुईण वेगवेगळ्या घरच्या असतील तर मात्र तिढा येतो. बाई दवाखान्यात गेली की आशाला मोबदला मिळतो, सुईणीला मिळत नाही, उलट तिचं लुगडं-नारळ-पायलीभर धान्यही जातं. हा पैशाचा मामला आहे, दोघींच्या स्वभावाचा नाही. तो आधी मिटवा, नाहीतर प्रशिक्षणात दोघी एकमेकींकडं पाठ करून बसतात. आम्ही सोबत म्हणून दवाखान्यात येणाऱ्या सुईणीला त्या दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचं भाडं देण्याचं ग्रामपंचायतीकडून कबूल करून घेतलं. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी असतो. एखाद्या वाडीत वर्षाला अशा दोन-तीन फेऱ्या होतात, तेवढे पैसे त्यातून निघतात. ठराव मात्र लेखी करून घ्या. तोंडी कबुली पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकते.

पहिल्या बैठकीत तोंड बंद

दिवस बाजाराचा सोडून धरा आणि भात लावणी-काढणीचाही. सलग सहा दिवसांचं शिबिर कुणाला झेपत नाही. आठवड्यातून एक दिवस, दहा ते दोन, असे पाच-सहा आठवडे. जागा कुणाच्यातरी घराचा सोपा किंवा देऊळ. आरोग्य केंद्राच्या हॉलमध्ये त्या खुर्च्यांवर अवघडून बसतात आणि काही बोलत नाहीत.

पहिल्या दिवशी काही शिकवू नका. प्रत्येकीला एकच सांगायचं, “तुम्हाला सगळ्यात भ्या वाटलं ते बाळंतपण सांगा.” चार तास कसे जातात कळत नाहीत. कुणी पायाळू बाळाची गोष्ट सांगेल, कुणी वार न पडलेल्या बाईची, कुणी बाळाच्या आधी बाहेर आलेल्या हाताची. तुम्ही टिपून घ्या. धोक्याची जी यादी तुम्ही पुस्तकातून आणलेली असते, ती जवळजवळ सगळी त्यांच्याच तोंडून आलेली असते. पुढच्या दिवशी तीच त्यांच्या शब्दांत परत ठेवायची.

माझ्या वहीतली ही त्यांची भाषा तुमच्याही उपयोगी पडेल. ‘अडली’ म्हणजे बाळंतपण पुढं सरकत नाही. ‘मोट फुटली’ म्हणजे गर्भजल गेलं. ‘वार’ म्हणजे प्लासेंटा. ‘अंगावरून जातंय’ म्हणजे रक्तस्राव, पण पांढरं जाणंही, त्यामुळं रंग विचारायचाच. ‘झटकं आलं’ म्हणजे फिट. ‘बाहेरचं झालं’ असं कुणी म्हटलं तर हसू नका, मान डोलावून बी.पी. बघा. पुष्कळदा तो १४०/९०च्या वर सापडतो.

तीन ढीग

दुसऱ्या दिवशी जमिनीवर खडूनं तीन गोल काढायचे. सुईणी जे जे करतात त्या प्रत्येक गोष्टीसाठी एक वस्तू ठेवायची आणि ती कोणत्या गोलात जाते यावर वाद घालायचा. चांगलं, निरुपद्रवी, घातक.

पहिल्या गोलात बरंच काही जातं, आणि ते मोठ्यानं कबूल करा. कळा येताना बाईला चालतं-फिरतं ठेवणं, उकिडवं किंवा दोरीला धरून बसू देणं, पाठ चोळणं, एकटं न सोडणं, पेज-पाणी देत राहणं. वार पडेपर्यंत नाळ न कापण्याची जुनी रीत तर मला फार आवडते. नाळेची धडधड थांबेपर्यंत, निदान एक मिनिट तरी, थांबावं असं आज पुस्तकं सांगतात. आमच्या काळात दवाखान्यात आम्ही बाळ बाहेर येताच कात्री चालवायचो, आणि सुईण मागं उभी राहून नाक मुरडायची. तिचं बरोबर होतं. मात्र बाळ रडत नसेल तर तिनंही थांबू नये, आणि वार पडत नसेल तर नाळेची वाट बघत बसू नये.

दुसऱ्या गोलात कोयता उशाशी ठेवणं, दृष्ट काढणं, सटवाई. त्याला हात लावू नका. बाळाला बाधत नाही आणि बाईला धीर देतं.

तिसऱ्या गोलावर वेळ घालवा. नाळेला शेण, राख, हळद किंवा तेल लावणं. नाळ कोरडी, उघडी ठेवायची, बस. पहिला चीक पिळून टाकणं आणि बाळाला गूळपाणी, मध किंवा गुटी चाटवणं. बाळ जन्मल्याबरोबर आंघोळ घालणं. चोवीस तास तरी पाण्याला शिवायचं नाही. बाई अडली म्हणून पोटावर दाब देणं किंवा पोटावर बसणं. वार पडत नाही म्हणून नाळ ओढणं किंवा आत हात घालणं. बाळ रडलं नाही की उलटं धरून चापट्या मारणं, थंड पाण्याचा हबका, नाकाशी कांदा.

या गोलात आणखी एक गोष्ट पडते आणि ती सुईणीची नाही, शिकलेल्यांची आहे. कळांचं इंजेक्शन. अडलेल्या बाईला घरी गावातल्या कुणा कंपाउंडरकडून ऑक्सिटोसिन टोचून घेतलं जातं. बाळ आडवं असेल किंवा वाट अरुंद असेल तर गर्भपिशवी फाटते. बाई आणि बाळ दोघंही जातात. सुईणींना यातलं एकच वाक्य पक्कं करून घ्यायचं होतं: सुई टोचायला कुणी आला तर तुम्ही आडव्या उभ्या रहा. त्यांना हे फार पटलं.

पाच स्वच्छता आणि एक पिशवी

हे पटकन होतं. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. हात साबणानं कोपरापर्यंत, नखं कापलेली, बांगड्या वर सारलेल्या. नाळेला पोटापासून दोन बोटांवर एक गाठ, त्यापुढं दोन बोटांवर दुसरी, मधे नवं ब्लेड. गाठ मारल्यावर रक्त झिरपतं का ते बघायचं. पिशवीत साबण, प्लास्टिकचा तुकडा, पाकिटातलं नवं ब्लेड, उकळून वाळवलेला दोरा, हातमोजे, सुती फडकी, टॉर्च. धनुर्वाताचं इंजेक्शन गरोदरपणात झालंय का, हेही तिनं विचारायचं. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं, आणि त्यात लसीइतकाच नव्या ब्लेडचाही वाटा आहे, असं मी त्यांना सांगते. खूश होतात.

रक्त मोजायला शिकवा

आता दोन तासांची गोष्ट. बाई कोणत्या त्रासानं सरासरी किती वेळात दगावते याचा एक जुना अंदाज आहे. संसर्गाला सुमारे सहा दिवस लागतात, अडलेल्या बाळंतपणाला तीन दिवस, झटक्यांना दोन दिवस, बाळ होण्याआधीच्या रक्तस्रावाला बारा तास. बाळ झाल्यानंतरच्या रक्तस्रावाला दोन तास. अनुभवी सुईण अडलेलं बाळंतपण ओळखते. रक्ताच्या बाबतीत मात्र तिचाच अनुभव तिला फसवतो, कारण ‘बाळंतपणात जातंयच की’ हे तिनं शेकडो वेळा पाहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते आपोआप थांबलेलं असतं.

म्हणून मी हा खेळ करते. एक बादली पाणी, त्यात लाल रंग. लिटरभर मावणाऱ्या मापानं अर्धं माप, म्हणजे ५०० मिली, मोजून एका घडी घातलेल्या लुगड्यावर ओतायचं. दुसऱ्या लुगड्यावर एक पेला. तिसऱ्यावर पूर्ण लिटर. मग विचारायचं, यातलं कोणतं बघून तुम्ही गाडी बोलवाल? पहिल्या वर्षी सातपैकी सहा जणींनी लिटरवालं लुगडं दाखवलं. ५०० मिलीला त्या ‘नेहमीचं’ म्हणाल्या. मग सगळ्या गप्प बसल्या, आणि एकीनं कुणाचंतरी नाव घेतलं. त्या बाईचं लुगडं अगदी असंच दिसत होतं, म्हणाली.

हा खेळ दर तीन महिन्यांनी पुन्हा करावा लागतो. नजर परत सैल होते. आणि माप सोपं ठेवा: अर्धं लुगडं भिजलं तर निघायचं, एक घडी पाच मिनिटांत भिजली तर पळायचं. जमिनीवर, गोणपाटावर, शेणानं सारवलेल्या भुईत रक्त मुरतं हे विसरायचं नाही, दिसतं त्यापेक्षा जास्त गेलेलं असतं. बाई अशक्त असेल, हिमोग्लोबिन ७च्या आसपास असेल, तर एवढं जायचीही वाट बघायची नाही. ऊसतोड टोळीतल्या किती जणी तशा असतात हे डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितलं की कळतं.

गाडी येईपर्यंत काय करायचं? वार पडली असेल तर बेंबीखाली हात ठेवून गर्भपिशवी गोल चोळत राहायची, नारळासारखी कडक लागेपर्यंत. बाईला लघवीला बसवायचं. बाळ अंगावर लावायचं, त्यानंही पिशवी आवळते. अंगावर घोंगडं, पाय थोडे वर. चोळत चोळतच गाडीत बसायचं. वार अर्ध्या तासात पडली नाही तर तीही निघण्याची खूण आहे, रक्त दिसो न दिसो.

रक्तस्राव आवरणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांबद्दल हमखास विचारतात. बेळगाव भागात, म्हणजे आपल्या मिरजेच्या पलीकडंच, १६२० बायकांवर केलेला एक मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तिथं एएनएमनी बाळंतपणानंतर ६०० मायक्रोग्रॅमचा डोस तोंडानं दिला, आणि जास्तीचा रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. गोळी चांगलीच आहे. पण बाळ बाहेर येण्याआधी किंवा पोटात जुळं दुसरं बाळ असताना ती दिली तर घात होतो. म्हणून ती सिस्टरच्याच हातात राहावी असं माझं मत आहे, आणि सुईणीनं सिस्टरला आठवण करावी.

बाळ रडलं नाही तर

कापडाची बाहुली शिवून घ्या, बाजारातली लागत नाही. क्रम एवढाच: पुसा, गुंडाळा, पाठ चोळा, तोंडात घाण असेल तर बोटाला फडकं गुंडाळून काढा. ओलं फडकं फेकून कोरडं घ्या. हे सगळं एका मिनिटात. ज्या सुईणीचा हात बसलाय आणि जी दर दोन-तीन महिन्यांनी सराव करते तिला बाळाला श्वास देण्याचा मास्क आणि फुगा वापरायला शिकवता येतं. सराव नसेल तर देऊ नका. मी एका वर्षी उत्साहात सगळ्यांना दिले आणि पुढच्या वर्षी ते पाळण्यात खेळणं म्हणून लटकलेले पाहिले.

बाळ रडलं की आईच्या उघड्या छातीवर, वरून लुगडं, डोक्याला टोपडं, आणि तासाच्या आत अंगावर. बाळाचे तळवे हाताला गार आणि पोट कोमट लागलं तर ते गारठतंय. घरी जन्मलेल्या बाळाला आशा पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बघायला येते. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नवजात बाळांची अशी घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत बसवली. १९९९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. सुईण रोज न्हाऊ घालायला येतेच, तेव्हा मधल्या दिवसांची पहारेकरी तीच. बाळ ओढत नाही, छाती आत जाते, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, बेंबीला पू आहे, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी फोन.

निघायच्या खुणा

चित्रांचं एक कार्ड करा, शब्द नकोत. बाळाच्या आधी हात, पाय किंवा नाळ. हिरवं-काळं पाणी. मोट फुटून बारा तास झाले तरी बाळ नाही. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, किंवा मावळल्यापासून उगवेपर्यंत, कळा चालू आणि बाळ नाही. तोंडा-हाताला सूज, डोकं दुखणं, डोळ्यापुढं अंधारी, झटके. बाळंतपणाआधी थेंबभरही लाल. ताप, घाण वास. आणि आधीच ठरलेल्या बायका: मागचं सिझेरियन, जुळं, फार कमी उंची, फार कमी वय, पायाळू. यांचं तर घरी सुरूच करायचं नाही, नववा लागला की खाली नातेवाइकांकडं आणून ठेवायचं.

झटके आले तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही. नाळ आधी बाहेर आली तर बाईला गुडघे आणि कोपरांवर, कंबर वर करून ठेवायचं आणि नाळेला हात लावायचा नाही.

रस्ता

इथं बहुतेक प्रशिक्षणं संपतात आणि खरं काम सुरू व्हायला पाहिजे.

एका आक्कानं मध्यरात्री रक्तस्राव होणारी बाई जीपनं खाली आणली. एवढ्या वर्षांच्या माझ्या शिकवण्याचं ते फळ होतं. दवाखान्यातल्या माणसानं तिला दारातच अडवलं, “घरी करून बिघडवून आणता होय? बाहेर बस.” बाई वाचली. आक्का रात्रभर व्हरांड्यात थंडीत बसून राहिली, कुणी पाणी विचारलं नाही. पुढच्या पावसात तिच्याच वाडीतली दुसरी बाई अडली तेव्हा तिनं सकाळपर्यंत वाट पाहिली. का, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

म्हणून तुमच्या प्रशिक्षणातला एक दिवस दवाखान्यात ठेवा. सुईणींना लेबर रूम दाखवा, तिथल्या सिस्टर आणि आयांशी नावानं ओळख करून द्या, चहा एकत्र घ्या. डॉक्टरांनी त्यांना नमस्कार करावा एवढी विनंती आधी जाऊन करा, ती मान्य होते. मग चिठ्ठी ठरवा: एका रंगाचं कार्ड, त्यावर निघायच्या खुणांची चित्रं, सुईण ज्या चित्रावर बोट ठेवेल त्यावर कुंकवाचा ठिपका. ते कार्ड घेऊन आलेल्या बाईला नाव-पत्ता लिहिण्याआधी आत घ्यायचं, सुईणीला सोबत राहू द्यायचं, आणि सोडताना तिला काय झालं ते सांगायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपण वेळेत निघालो म्हणून बाई वाचली हे तिला कळलं तर पुढच्या वेळी ती लवकर निघते.

दवाखाना कोणता, हेही चित्रासोबत ठरवा. रक्त आणि सिझेरियन लागणारी बाई जवळच्या केंद्रात नेली तर तिथून पुन्हा पुढं पाठवावी लागते, त्यात तास जातो. पाटणच्या बाजूची बाई कराडच्या उपजिल्हा रुग्णालयात थेट जावी की मधे थांबावी, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून आधी लिहून घ्या. १०८ किंवा १०२ला फोन कुठून लागतो ती टेकाडावरची जागा सगळ्यांना माहीत करा. गाडी येणार नाही अशा वस्तीत गावातल्या दोन जीपवाल्यांचे आणि लाँचवाल्याचे नंबर भिंतीवर रंगवा, भाडं समितीतून. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११पासून सरकारी दवाखान्यात ने-आण, औषधं, सिझेरियन सगळं फुकट आहे, हे टोळीतल्या लोकांना तर कुणीच सांगितलेलं नसतं. त्यांना वाटतं, आपलं कार्ड बीडचं, इथं चालणार नाही. चालतं.

मागचं काम

महिन्यातून एकदा उपकेंद्रात सुईणींची बैठक. दोन तास, मजुरीसकट. ज्यांना लिहिता येत नाही त्या चवळी-वालाच्या दाण्यांनी हिशोब ठेवतात, बाळंतपणाला चवळी, दवाखान्यात नेलं तर वाल, बाळ गेलं तर काळा खडा. गाठोडं उघडलं की सगळं समोर. काळ्या खड्यावर बोलताना आवाज चढू देऊ नका. कुणी मेलं की ‘चूक कुणाची’ असं विचारलं, की पुढच्या महिन्यात खडा यायचा बंद होतो, मरणं मात्र बंद होत नाहीत. उशीर कुठं झाला एवढंच विचारा: घरात ठरवायला, रस्त्यात, की दवाखान्यात.

बैठकीत पिशव्या भरून द्या, ब्लेडं मोजून घ्या, बाहुली बाहेर काढा, दर तीन महिन्यांनी लाल पाण्याचा खेळ. एखादी म्हातारी थकली असेल तर तिला बाळ-बाळंतिणीच्या मालिशीपुरतं ठेवून सुनेकडं पिशवी द्या, पण चारचौघींसमोर, ओटी भरून.

टोळ्यांचं वेगळं. बैठक महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी आणि फडावरच, संध्याकाळी गाड्या रिकाम्या झाल्यावर. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे गळीत हंगाम संपला, की टोळी उठते, आणि दोन दिवसांत कोपीच्या जागी नुसतं पाचट उरतं. त्याआधी टोळीतल्या सुईणीकडं पिशवी, कार्ड आणि ज्या बायका अजून पोटुशी आहेत त्यांची माता-बाल संरक्षण कार्डं तपासून द्या. त्यांच्या गावच्या आशाचा नंबर मुकादमाकडून नाही, त्या बाईकडूनच घ्या आणि तिच्यासमोर तिथं फोन लावा. पलीकडून आवाज आला की सुईणीच्या हातात फोन द्यायचा. दोघींनी एकमेकींचा आवाज ऐकला पाहिजे.